सागराला वेळ शिकविणारा सुतार : जॉन हॅरिसन

खंडेनवमीच्या दिवशी आपल्या घरोघरी वाकस, रंधा, करवत, पटाशी आणि गुण्या ही हत्यारे स्वच्छ पुसून पाटावर मांडली जातात व त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. ज्या हत्यारांनी पूर्वजांना अन्न दिले, त्यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याचा हा आपला परंपरागत प्रघात आहे. मात्र ज्या हातांनी ही हत्यारे चालविली, त्यांच्या ठायी केवढी बुद्धी वसत होती, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणून ह्या वार्षिक स्मरणिकेत आम्ही एका परदेशस्थ सुताराचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींस सादर करीत आहोत. त्यांचा देश निराळा, धर्म निराळा, भाषा निराळी. परंतु धंदा आपलाच. त्यांचे नाव जॉन हॅरिसन. भर समुद्रात आपले जहाज नेमके कोठे आहे हे घड्याळाकडे पाहून सांगता येते, ही गोष्ट जगाला त्यांनी सिद्ध करून दाखविली.

ह्या कार्याचे मोल समजण्यासाठी प्रथम त्या काळची अडचण समजली पाहिजे. पृथ्वीवरील स्थान सांगावयाचे तर अक्षांश आणि रेखांश असे दोन आकडे लागतात. अक्षांश काढणे नावाड्यांना फार पूर्वीपासून साधले होते. रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच आहे, किंवा माध्यान्ही सूर्य किती उंच आहे, हे मोजले की काम होई. रेखांशाचे तसे नव्हते. पृथ्वी अहोरात्र फिरत असल्यामुळे पूर्वपश्चिम अंतर सांगणारा स्थिर तारा आकाशात नाही. तेथे वेळ हीच मोजपट्टी. आपल्या जुन्या कालगणनेनेच हे सहज समजेल. अहोरात्राच्या घटिका ६० आणि वर्तुळाचे अंश ३६०; म्हणजे एका घटिकेत पृथ्वी ६ अंश फिरते. आजच्या भाषेत एका तासात १५ अंश आणि ४ मिनिटांत १ अंश. जहाजावर सूर्य माथ्यावर आला त्या क्षणी, मूळ बंदराची वेळ दाखविणाऱ्या घड्याळात दुपारचे २ वाजून ४० मिनिटे झाली असतील, तर ते जहाज त्या बंदराच्या पश्चिमेस ४० अंशांवर आहे. सूर्याची चाल वर्षभर सारखी नसल्यामुळे कोष्टकातून थोडी दुरुस्ती करावी लागते, एवढेच.

हिशेब इतका सोपा, पण घड्याळ कोठून आणावयाचे? त्या काळची उत्तम घड्याळे लंबकाची, आणि डोलणाऱ्या जहाजावर लंबक काय कामाचा? खिशातली घड्याळे होती, ती दिवसाकाठी कित्येक मिनिटे मागेपुढे होत. उन्हाने धातू वाढे, थंडीने आक्रसे, तेल घट्ट होई, खाऱ्या हवेने गंज चढे. चार मिनिटांची चूक म्हणजे विषुववृत्तावर ६० सागरी मैलांची चूक! सन १७०७ मध्ये इंग्लंडचे आरमार भूमध्य समुद्राकडून परत येत असता आपण कोठे आहोत ह्याचा अंदाज चुकला, आणि सिली बेटांच्या खडकांवर चार जहाजे फुटली. सेनापती सर क्लाउड्सली शॉव्हेल ह्यांच्यासह हजाराहून अधिक माणसे बुडाली. पुढे १७१४ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला : वेस्ट इंडीजपर्यंतच्या प्रवासात रेखांश अर्ध्या अंशाच्या आत बिनचूक काढण्याची रीत जो दाखवील त्याला २०,००० पौंड, दोनतृतीयांश अंशाच्या आत दाखवील त्याला १५,००० आणि एका अंशाच्या आत दाखवील त्याला १०,००० पौंड. परीक्षणासाठी विद्वान, दर्यासारंग व राजपुरुष ह्यांचे एक मंडळ नेमले गेले. खुद्द सर आयझॅक न्यूटन ह्यांनी पार्लमेंटला सल्ला दिला होता. घड्याळाचा मार्ग तत्त्वतः बरोबर असला तरी असे घड्याळ अद्याप कोणी बनविलेले नाही, असे त्यांचे मत होते. विद्वानांची सारी आशा आकाशावर, चंद्र व तारे ह्यांमधील अंतराच्या गणितावर होती.

जॉन हॅरिसन ह्यांचा जन्म १६९३ च्या मार्च महिन्यात यॉर्कशायरमधील फाउल्बी ह्या खेड्यात झाला. वडील हेन्री हे सुतार. पुढे हे कुटुंब हंबर नदीच्या दक्षिणेस बॅरो नावाच्या गावी राहावयास गेले, आणि मुलगा बापाच्या हाताखाली सुतारकाम शिकू लागला. लहानपणी देवीच्या आजारात जॉन अंथरुणावर असता मन रमावे म्हणून त्याच्या उशाशी एक घड्याळ ठेवले होते, अशी एक आख्यायिका आहे. तिची सत्यासत्यता कशीही असो. पुढची गोष्ट मात्र निश्चित आहे. गावी आलेल्या एका धर्मोपदेशकाने त्यांना निकोलस साँडरसन ह्यांच्या पदार्थविज्ञानावरील व्याख्यानांची हस्तलिखित प्रत वाचावयास दिली. हे साँडरसन केंब्रिज येथील अंध प्राध्यापक. तरुण जॉनने ती सारी प्रत आकृत्यांसह हाताने उतरून काढली व आयुष्यभर जपून ठेवली. शाळेचा लाभ नाही, गुरू नाही. दिवसा करवत आणि रात्री लेखणी!

वयाच्या विसाव्या वर्षी, १७१३ साली, त्यांनी पहिले घड्याळ केले. त्याची चाके ओक लाकडाची होती. आपल्यापैकी जे धंद्यात आहेत त्यांनी येथे क्षणभर थांबावे. लाकडाला दाते पाडले तर जेथे रेषा आडवी येते तेथे दाता तुटतो, हे कोणाही उमेदवाराला ठाऊक असते. हॅरिसन ह्यांनी लाकूड असे निवडले व तुकडे असे जुळविले की प्रत्येक दात्यात रेषा उभीच राहावी. पुढे १७२० च्या सुमारास ब्रॉकल्सबी येथील जमीनदाराच्या वाड्यासाठी त्यांनी मनोऱ्याचे घड्याळ केले. त्यात जेथे घर्षण होते तेथे त्यांनी लिग्नम व्हायटी नावाचे अत्यंत जड व अंगचेच तेलकट असे लाकूड बसविले, म्हणजे वरून तेल घालण्याचे कारणच उरले नाही. घड्याळजींचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बिघडलेले तेल. सुताराने तो लाकडाच्या ज्ञानाने जिंकला. तीनशे वर्षे होऊन गेली, तरी ते घड्याळ आजही चालते.

धाकटे बंधू जेम्स ह्यांच्या साह्याने त्यांनी पुढे जी उभी घड्याळे केली त्यांची अचूकता थक्क करणारी होती. पितळ पोलादापेक्षा उष्णतेने अधिक वाढते. दोन्हींच्या सळया आळीपाळीने जोडून त्यांनी असा लंबक केला की एकीची वाढ दुसरीने खोडून काढावी. उन्हाळा असो वा हिवाळा, लंबकाची लांबी तीच. वेळ पडताळण्यासाठी त्यांच्याजवळ वेधशाळा नव्हती. आपल्या खिडकीची कड आणि शेजाऱ्याचे धुराडे ह्यांच्या रेषेत अमुक तारा रात्री कोणत्या क्षणी नाहीसा होतो, हे ते पाहत. तारा रोज ३ मिनिटे ५६ सेकंद अगोदर मावळतो. त्यावरून घड्याळाची परीक्षा. ही घड्याळे महिन्याला एका सेकंदापेक्षा अधिक चुकत नसत असे त्यांनी नमूद केले आहे.

सन १७३० मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, सागरी घड्याळाचे आराखडे घेऊन ते लंडनला गेले. ग्रिनिच येथील राजज्योतिषी एडमंड हॅली हे थोर मनाचे गृहस्थ. त्यांनी ह्या खेडवळ सुताराचे बोलणे ऐकून घेतले व त्यास विख्यात घड्याळकार जॉर्ज ग्रॅहॅम ह्यांच्याकडे धाडले. ग्रॅहॅम ह्यांनी दिवसभर चर्चा केली आणि शेवटी पदरचे पैसे बिनव्याजी दिले. आपल्याच धंद्यातील नवख्या प्रतिस्पर्ध्याला हात देणारा असा मोठ्या मनाचा कारागीर कोणत्याही काळी विरळाच.

पाच वर्षांनी, १७३५ साली, पहिले सागरी घड्याळ तयार झाले. वजन सुमारे ३४ किलो! लंबकाऐवजी त्यात एकमेकांस जोडलेले दोन तोलदांडे होते, म्हणजे जहाज कसेही हेलकावले तरी एकाची ओढ दुसरा परतवून लावी. १७३६ मध्ये ते लिस्बनपर्यंत नेण्यात आले. परतताना इंग्लंडचा किनारा दिसला तेव्हा जहाजाच्या मुख्य खलाशाने ते स्टार्ट नावाचे टोक समजले. हॅरिसन ह्यांनी आपल्या घड्याळावरून ते पश्चिमेकडील लिझर्ड टोक असल्याचे सांगितले, व तेच खरे ठरले. जवळजवळ ६० मैलांची चूक टळली. मंडळापुढे जाऊन वेस्ट इंडीजची चाचणी मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. परंतु मंडळापुढे उभे राहून आपल्या घड्याळातील दोष त्यांनी स्वतःच सांगितले, आणि ह्याहून चांगले करतो म्हणून थोडे साह्य तेवढे मागितले! आपल्या कामावर सर्वांत कठोर नजर आपलीच असावी, हा धडा येथे घ्यावा.

दुसरे घड्याळ त्यांना स्वतःलाच पसंत पडले नाही. तिसरे १७४० मध्ये हाती घेतले आणि त्यात तब्बल १९ वर्षे गेली. ते घड्याळ त्यांच्या मनासारखे कधीच चालले नाही. तथापि ते श्रम वाया गेले असे आम्हांस म्हणवत नाही. पितळ व पोलाद ह्यांच्या एकत्र बसविलेल्या पट्ट्या, ज्या उष्णतेने वाकतात, आणि गोल दांड्यांवर फिरणारा बेअरिंगचा पिंजरा, ह्या दोन्ही कल्पना त्या घड्याळासाठी निघाल्या आणि आजच्या यंत्रयुगात घरोघर पोहोचल्या आहेत.

ह्याच काळात त्यांच्या मनाने एक मोठे वळण घेतले. स्वतःच्या वापरासाठी त्यांनी आपल्या आराखड्याप्रमाणे दुसऱ्या कारागिराकडून एक खिशातले घड्याळ करवून घेतले होते, आणि ते अपेक्षेपेक्षा फारच चांगले चालले. लहान पण वेगाने फिरणारे तोलचक्र जहाजाच्या हेलकाव्यांना दाद देत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. तीस वर्षे ज्या मार्गाने चाललो तो सोडावयाचा, आणि तोही साठी ओलांडल्यावर! त्यांनी तो सोडला. १७५९ मध्ये चौथे घड्याळ तयार झाले. त्याचा व्यास १३ सेंटिमीटर, वजन दीड किलोपेक्षाही कमी, सेकंदाला पाच ठोके, आत हिऱ्यामाणकांचे सूक्ष्म तुकडे. आज आपल्या मनगटावर जे घड्याळ असते त्याचा हा सागरी पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

वय झाल्यामुळे चाचणीच्या प्रवासास पुत्र विल्यम गेले. नोव्हेंबर १७६१ मध्ये डेप्टफर्ड हे जहाज जमेकाकडे निघाले. वाटेत मदिरा बेटांजवळ जहाजाच्या अधिकाऱ्यांचा अंदाज आणि घड्याळाचा आकडा ह्यांत मोठी तफावत पडली. विल्यम ह्यांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी भूमी दिसली. जमेकास पोहोचल्यावर हिशेब केला तेव्हा, घड्याळाची ठरलेली रोजची चाल जमेस धरून, ८१ दिवसांत सुमारे ५ सेकंदांची चूक निघाली. कायद्याने दोन मिनिटांपर्यंत मुभा दिली होती.

आता बक्षीस मिळावयास हवे होते. परंतु जमेकाचा रेखांशच खात्रीने ठाऊक नाही. एकदा जमले ते योगायोगाने कशावरून नव्हे, अशा शंका मंडळाने काढल्या. १७६४ मध्ये बार्बाडोसपर्यंत दुसरी चाचणी झाली. ४७ दिवसांत चूक सुमारे ३९ सेकंद, म्हणजे दहा मैलांच्या आत. हवी होती त्याच्या तिप्पट अचूकता. तरीही पुढच्या वर्षी नवा कायदा झाला : घड्याळाची सारी अंतर्रचना उघड केल्यास अर्धे बक्षीस मिळेल, आणि उरलेले अर्धे इतर कारागिरांच्या हातून तशीच घड्याळे होऊ शकतात हे सिद्ध झाल्यावर मिळेल. १७६५ च्या ऑगस्टमध्ये राहत्या घरी, तज्ज्ञांच्या समक्ष, वृद्ध हॅरिसन ह्यांनी आपले घड्याळ खिळ्याखिळ्याने उलगडून दाखविले. १०,००० पौंडांची पहिली रक्कम, पूर्वी दिलेली उचल वळती करून, हाती आली. त्याच साली राजज्योतिषी झालेले नेव्हिल मॅस्केलाइन हे चंद्रगणिताचे पुरस्कर्ते. १७६६ मध्ये मंडळाच्या आज्ञेवरून ती मोठी तीन यंत्रे घरातून उचलून, स्प्रिंगा नसलेल्या गाडीतून, ग्रिनिचला नेण्यात आली. तीस वर्षांच्या तपश्चर्येचे ते खडखडत जाणे त्या म्हाताऱ्याला कसे वाटले असेल, ह्याची कल्पना आपल्या ज्ञातीत कोणासही करता येईल.

परंतु येथे आम्हांस निःपक्षपाताने एक गोष्ट सांगितली पाहिजे. मॅस्केलाइन हे केवळ मत्सरी गृहस्थ होते असे समजणे अन्यायाचे होईल. त्यांच्या देखरेखीखाली १७६७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या नाविक पंचांगाने असंख्य जहाजे वाचविली. शिवाय मंडळाची एक मागणी रास्तच होती : एका माणसाच्या हातून झालेले एक घड्याळ शेकडो जहाजांना पुरणार कसे? ज्या विद्येची नक्कल होत नाही ती विद्या लोकांच्या काय कामाची? हॅरिसन आपली रीत सांगण्यास नाखूष होते, आणि जे लिहीत ते दुर्बोध लिहीत. दुसऱ्याने आपले श्रम लुबाडावेत ही भीती त्यांच्या मनात होती, व ती अगदीच अनाठायी नव्हती.

ह्या प्रश्नाचे उत्तर लार्कम केंडल ह्या कारागिराने दिले. त्यांनी चौथ्या घड्याळाची हुबेहूब प्रत केली, आणि १७७२ ते १७७५ च्या आपल्या दुसऱ्या सफरीत कॅप्टन जेम्स कुक ती बरोबर घेऊन गेले. उष्ण कटिबंधापासून दक्षिणेच्या बर्फापर्यंत तिने सारखी साथ दिली, आणि आरंभी साशंक असलेले कुक तिची मुक्तकंठाने प्रशंसा करीत परतले. तिकडे लंडनमध्ये हॅरिसन ह्यांनी वृद्धपणी पाचवे घड्याळ पुरे केले होते. १७७२ मध्ये गाऱ्हाणे राजे तिसरे जॉर्ज ह्यांच्या कानी गेले. राजांनी आपल्या खाजगी वेधशाळेत दहा आठवडे ते स्वतः तपासले. दिवसाला एकतृतीयांश सेकंदाहून अधिक चूक निघाली नाही. राजांच्या पाठबळाने अर्ज पार्लमेंटकडे गेला आणि १७७३ मध्ये ८,७५० पौंड मंजूर झाले. वय ८० वर्षांचे झाले होते. रक्कम पार्लमेंटने दिली; मंडळाचे ते बक्षीस मात्र त्यांना वा अन्य कोणास कधीच मिळाले नाही. २४ मार्च १७७६ रोजी लंडनमधील राहत्या घरी ते निवर्तले.

मृत्यूपूर्वी वर्षभर त्यांनी एक पुस्तक छापले होते. आपल्या पद्धतीचे लंबकाचे घड्याळ शंभर दिवसांत एका सेकंदाच्या आत राहील, असा त्यांचा त्यात दावा होता. लोकांनी म्हाताऱ्याची भ्रमिष्ट बडबड म्हणून त्याची थट्टा केली. पुढे त्यांच्या कल्पनांवरून बांधलेले एक घड्याळ ग्रिनिच येथे मोहोरबंद पेटीत ठेवून पाहण्यात आले. २०१५ साली शंभर दिवसांची मुदत संपली तेव्हा चूक एका सेकंदापेक्षा कमी भरली. सुमारे २४० वर्षांनी सुताराचा शब्द खरा ठरला! त्यापूर्वी, २००६ मध्ये, वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांची स्मृतिशिला बसविण्यात आली.

हे चरित्र वाचून केवळ अभिमान बाळगावा, असा आमचा हेतू नाही. अभिमानाबरोबर आत्मपरीक्षणही घडावे. आपल्या ज्ञातीत किती हुन्नर केवळ हातचे गुपित म्हणून जपले गेले आणि जपणाऱ्याबरोबर सरणावर गेले! सख्ख्या पुतण्याला सांधा कसा बसविला हे न सांगणारे वडीलधारे आपण पाहिलेले आहेत. त्यांनाही फसवणुकीची भीती असेल. पण परिणाम काय झाला? हॅरिसन ह्यांची विद्या तरली ती तीन कारणांनी : यंत्रे उलगडून दाखविली गेली, पुत्राने पित्याच्या कामासाठी समुद्र ओलांडला, आणि दुसऱ्या कारागिराने प्रामाणिकपणे प्रत करून मूळ कर्त्याचे श्रेय राखले. ह्यांपैकी एक जरी दुवा तुटता, तर आज कदाचित आपण त्यांचे नावही घेतले नसते.

शेवटी आमच्या बालवाचकांसाठी एक प्रयोग. घड्याळ बिनचूक लावून घ्यावे. अंगणात ओळंबा धरून एक काठी सरळ उभी रोवावी. सकाळी सावलीच्या टोकावर खूण करून वेळ टिपावी. काठीच्या बुडाभोवती त्या खुणेतून वर्तुळ आखावे. दुपारनंतर सावलीचे टोक पुन्हा वर्तुळाला स्पर्श करील तेव्हाची वेळ टिपावी. दोन्ही वेळांचा मध्य ती तुमच्या अंगणाची खरी माध्यान्ह. वास्तूच्या दिशा साधण्यासाठी आपले पूर्वज शंकूची हीच रीत वापरीत. एप्रिलच्या मध्यास किंवा सप्टेंबरच्या आरंभी, जेव्हा सूर्याच्या चालीची दुरुस्ती जवळजवळ शून्य असते, मुंबईत हा मध्य १२ वाजून ३९ मिनिटांच्या आसपास येईल. भारतीय प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशाची आहे. ३९ मिनिटांना चाराने भागले की पावणेदहा अंश. ते वजा केले की पावणेत्र्याहत्तर, आणि हाच मुंबईचा रेखांश! १९५५ पर्यंत मुंबई शहरात जी जुनी मुंबई वेळ पाळली जाई, तिच्यात व प्रमाणवेळेत हेच ३९ मिनिटांचे अंतर होते. नागपूरकरांना मात्र १४ मिनिटांच्या आसपासच फरक दिसेल.

मुलांनी हा आकडा स्वतः काढावा, वहीत टिपावा, आणि वडिलांनी त्यांच्याजवळ बसून आपल्याला येणारी एक तरी गोष्ट त्याच वहीत लिहवून घ्यावी. येत्या खंडेनवमीस हत्यारांच्या शेजारी पाटावर अशी एक वही प्रत्येक घरी दिसो, एवढीच आमची इच्छा आहे.